म्हशाच्या बाजारात बैलजोडी घेताना

पौष पौर्णिमेच्या आदल्या दिवशी शीळफाट्यावरून कल्याण, कल्याणहून मुरबाड आणि तिथून म्हसा. दहिसर, नारिवली, उत्तरशीव, बाळे अशा चौदा गावांच्या पट्ट्यातली भाताची घरं बैल घ्यायला खांबलिंगेश्वराच्या याच जत्रेला जात आली. आता हा पट्टा नवी मुंबईत धरला जातो, खाचरांच्या कडेला गोदामं उभी राहिली आणि बहुतेकांची चिखलणी पॉवर टिलर करतो. पण डोंगराच्या अंगाला दीड-दोन गुंठ्यांचं खाचर आणि कमरेएवढा बांध असेल तर टिलर उचलून उतरवायला चार माणसं लागतात. तिथे अजून बैलच लागतो, म्हणून काही घरांनी जोडी ठेवलीय.

या खरेदीत एक मोठी अडचण आहे. बैल घ्यायचा पौषात, कोरड्या माळावर, धुळीत. तो कामाला लागणार आषाढात, गुडघाभर चिखलात. बाजारात चिखल नसतो. जनावराच्या अंगावरून तो ओळखायचा, आणि सगळी पारख त्यासाठीच असते.

पौर्णिमेला देवाची गर्दी असते, त्या दिवशी बाजारात नीट उभंही राहता येत नाही. चांगली जनावरं पहिल्या दोन-तीन दिवसांत जातात. शेवटी शेवटी भाव उतरतो हे खरं, पण तोवर दावणीला उरतं ते चार जणांनी पाहून सोडलेलं असतं. आम्ही पहिल्या संध्याकाळी फक्त फिरतो. कुणाशी भाव बोलायचा नाही, कुठल्या दावणीपाशी दोनदा थांबायचं नाही. हेडी, म्हणजे जनावरांचे व्यापारी, त्यांची नजर गिऱ्हाइकाच्या पायांवर असते. ज्या बैलापाशी पाय रेंगाळले त्याचा भाव रात्रीतून वाढतो. आवडलेली चार-पाच जनावरं मनात धरून ठेवायची आणि तिथेच पेंढ्यावर पडायचं.

खरी पाहणी पहाटे, उजाडायच्या आधी. बसलेलं जनावर उठताना पाहणं याला आमच्याकडे फार किंमत आहे. गाय-बैल उठताना आधी मागचा भाग उचलतात, क्षणभर पुढच्या गुडघ्यांवर राहतात, मग पुढचे पाय सरळ करतात. घोड्यासारखा आधी पुढून उठणारा बैल सोडून द्यावा; त्याच्या पाठीत, कमरेत किंवा पोटात काहीतरी आहे. निरोगी बैल उठला की अंग ताणतो, मुततो आणि मग इकडेतिकडे बघतो. रात्रभर बसून आखडलेला सांधा पहिल्या दहा पावलांत कळतो, पुढे तो मोकळा होतो आणि लंगडणं दिसेनासं होतं. उलटही घडतं. दुखणं दाबायची सुई टोचलेला बैल सकाळी ताठ चालतो आणि दुपारी पाय टेकवत नाही. म्हणून मनात धरलेलं जनावर पहाटे पाहायचं आणि ऊन चढल्यावर पुन्हा पाहायचं. एकाच वेळी पाहून इसार, म्हणजे सौद्याचे आगाऊ पैसे, देणारे फसतात, आणि दरवर्षी कुणीतरी फसतंच.

पहाटे जायचं आणखी एक कारण म्हणजे पोट. मीठ चारून वर भरपूर पाणी पाजलं की खंगलेला बैलही भरल्या कुशीचा दिसतो. चाऱ्यापाण्याआधी डाव्या बाजूला, शेवटच्या बरगडीमागे पाहावं. तिथे थोडी खोली असायला हरकत नाही. वाटीएवढा खड्डा आणि वर कमरेच्या हाडाची टोकं दिसत असतील तर बैल नुसताच उपाशी नाही, त्याला खाल्लेलं अंगी लागत नाही.

जात कोणती घ्यावी यावर आमच्याकडे वाद नाही. चिखलाला डांगी. अकोले, इगतपुरी, शहापूर या डोंगरपट्ट्यातलं हे जनावर. त्याच्या कातडीला तेलकट ओशटपणा असतो, त्यामुळे सततच्या पावसात अंगात पाणी मुरत नाही. खूर काळे आणि टणक. चाल संथ, चिखलात संथच लागते, घाई करणारा बैल नांगर उडवतो. रंगाने पांढऱ्यावर काळे ठिपके असलेला पारा-बाहाळा, नाहीतर लाल बाहाळा. ओळख म्हणून हातावर थुंकी लावून पाठीवर चोळायचा रिवाज आहे, बोटांना ओशट लागलं तर बरं. खिल्लार देखणा असतो, उंच, पांढरा, तरतरीत. पण तो कोरड्या मुलखातला. त्याला गाडी द्या, शर्यत द्या. २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिल्यापासून चपळ खोंडांचे भाव भाताच्या माणसाच्या आवाक्यात राहिलेले नाहीत, त्यामुळे तो मोहही आपोआप सुटला.

अकोले तालुक्यात राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं. जमलं तर म्हशाच्या आधी तिथे एक फेरी मारावी, घ्यायला म्हणून नाही, डोळा बसायला म्हणून. तिथे जातिवंतपणा पाहतात: रंगाची ठेवण, कपाळ, शिंगांचा आकार, वशिंड, गळ्याखालची पोळी. आठ-दहा उत्तम जनावरं ओळीने पाहिली की बाजारातलं मिसळीचं जनावर लगेच डोळ्यांत येतं. मात्र प्रदर्शनातला पहिला बैल खाचरात पहिला येईलच असं नाही. लोंबणारी भारी पोळी तिथे शोभते. चिखलात ती सारखी ओली राहते आणि घासते.

आता दात. गाईबैलांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, खाली आठ असतात. सगळे दुधाचे असतील तो आदत. साधारण दोन-अडीच वर्षांनी मधले दोन पडून कायमचे येतात तो दुसा, तीनच्या सुमारास चौसा, साडेतीन-चारला सहादाती, आणि साडेचार-पाचच्या पुढे आठही आले की जुळला. बैलाच्या बाजूला उभं राहून एका हाताने नाकपुड्या धरायच्या, दुसऱ्या हाताची बोटं ओठाच्या कोपऱ्यातून आत घालायची. तिथे दात नसतात, चावा बसत नाही. खालचा ओठ खाली ओढला की ओळ दिसते. दुधाचा दात लहान, पांढराशुभ्र आणि मुळाशी बारीक. कायमचा रुंद, जरा पिवळट. जुळल्यानंतरचं वय झिजेवरून ओळखायचं. मधले दात वरून सपाट झाले, दोन दातांमध्ये फट पडली, हिरडीपाशी मान दिसू लागली की बैल उताराला लागला. असे दात कानशीने घासून सारखे करणारे महाभाग आहेत. घासलेल्या दाताची कड धारदार लागते, झिजलेल्याची गुळगुळीत. बोट फिरवून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि बोट फिरवायला बहुतेक जण बिचकतात.

आम्ही चौसा किंवा सहादाती घेतो. आदत स्वस्त पडतो, पण त्याला जुवाची सवय लावण्यात पहिला हंगाम जातो. जुळलेला तयार मिळतो, पण त्याची वर्षं कमी. पूर्वी या हिशेबाला दुसरी बाजू होती. बैल थकला की बाजारात जाई आणि त्याच पैशांत भर घालून नवा येई. मार्च २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीला बंदी आली, तेव्हापासून म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक नाही. तो शेवटपर्यंत दावणीला राहतो आणि रोजचा पेंढा खातो. जोडी घेताना तेवढी वर्षं आधीच मोजावी लागतात. बऱ्याच घरांनी बैल सोडले त्यामागे टिलरइतकंच हेही कारण आहे, पण बोलताना सगळे टिलरचंच नाव घेतात.

दातांनंतर खांदा. मानेच्या वर, वशिंडाच्या पुढे जिथे जू बसतं तिथे तळहात सपाट ठेवून दाबत न्यायचा. कातडी जाड आणि सारखी लागली तर बैल कामातला आहे. मऊ लागली तर त्याने अजून काम केलेलं नाही, विकणारा काहीही सांगो. आत गाठ लागली, किंवा हात पडताच बैलाने मान खाली घातली तर तिथे पूर्वी सूज येऊन गेलीय. जुवाच्या जुन्या जखमेवर केस पांढरे उगवतात. काळ्या अंगावर ते लगेच दिसतात म्हणून रंग लावून झाकतात. ओलं फडकं घासलं की रंग फडक्यावर येतो. आमच्याकडे बाजाराला निघताना फडकं आणि पाण्याची बाटली न विसरता घेतात. वय सांगणारी शिंगांवरची वळीही काचेने खरवडून तेल चोपडलेलं असतं. तेल चमकतंय यात काही नाही, सगळेच लावतात. बुडाशी ओरखडे आहेत का तेवढं बघावं.

खुरांकडे पाहताना बैलाला दगडावर उभं करावं. दोन नख्या सारख्या टेकल्या पाहिजेत. नख्या फाकलेल्या असतील तर चिखलात मधे खडा जाऊन बसतो, तिथे कुजतं, आणि ऐन लावणीत बैल बसतो. पांढुरका खूर मऊ, पाण्यात फुगणारा. नाल मारलेले असतील तर एक काढून खालचं खूर पाहायला मागावं. एका बैलाला आठ नाल लागतात, प्रत्येक नखीला एक. आणि चिखलात ते असेही टिकत नाहीत, म्हणून नालासाठी जास्त पैसे मोजू नयेत. तोंडात, हिरडीवर फोड किंवा नख्यांमध्ये ओल दिसली तर लाळ-खुरकुताचा संशय धरून त्या दावणीपासूनच दूर व्हावं. २०२२ मध्ये लम्पीने जनावरांचे बाजार बंद पाडले, तेव्हापासून मानेवरच्या आणि पाठीवरच्या गोल खपल्याही पाहायला लागतो.

भोवऱ्यांचंही बघतात. कुठला भोवरा शुभ, कुठला धन्याला वाईट, यावर म्हातारी माणसं तास घालवतात. आमचा त्यावर विश्वास नाही, पण वाईट मानलेल्या भोवऱ्याचा बैल उद्या विकायला काढला तर निम्म्या गिऱ्हाइकांनी नुसतं हसून पुढे जायचं. तेव्हा बघावं, आणि असला तर भावात कापून घ्यावं.

एकेक बैल चांगला असला म्हणून जोडी चांगली होत नाही. वशिंडामागे दोरीने उंची मोजून गाठ मारायची, तीच दोरी दुसऱ्याला लावायची. फरक चार बोटांच्या आत हवा. जास्त असला की जू कलतं, भार बुटक्याच्या मानेवर जातो आणि आठवड्यात त्याचा खांदा सुजतो. ताकदीतला थोडा फरक मात्र सांभाळता येतो. जुवाला नांगराचा इसाड, म्हणजे लांब लाकूड, जिथे बांधतात ती जागा दोन-तीन बोटं ताकदवान बैलाकडे सरकवायची. त्याच्या बाजूचा जुवाचा दांडा आखूड होतो आणि जास्त ओढ त्याच्यावर पडते. लोक उलटं करतात. जोरकस बैलाला लांब बाजू देतात, दुबळा आणखी दबतो, आणि मग म्हणतात जोडी जमली नाही.

बाजू विचारायला विसरू नये. डाव्या अंगाला चालायची सवय असलेला बैल उजवीकडे जुंपला तर पहिला महिना तोंड फिरवून मागे ढकलत राहतो. दोन्ही डावे घेऊन आलेली घरं आम्हाला माहीत आहेत.

चाचणीला बाजाराच्या कडेला ओंडका ओढायला लावतात. ओढतो की नाही यापेक्षा वळताना काय करतो ते बघावं. लहान खाचरात दर वीस-पंचवीस पावलांना वळण येतं. आतल्या बाजूच्या बैलाने थांबून जागेवर फिरायचं असतं आणि बाहेरच्याने लांब पाय टाकायचे. आतला थांबला नाही तर नांगर बांधात घुसतो. मग जवळ जिथे ओल असेल, ओढ्याची कड, जनावरांच्या पाणवठ्याखालची दलदल, तिथे मोकळाच न्यायचा. सवयीचा बैल एकदा हुंगतो आणि पाय टाकतो. घाटावरचा काठावर उभा राहून फुरफुरतो. विकणारा ‘इथे कुठे नेता’ म्हणून कुरकुरला तर उत्तर मिळालंच.

सौदा रुमालाखाली. दलाल दोघांचे हात आळीपाळीने धरतो. आधी तोंडाने म्हणायचं ‘हे दहा-दहा हजार’ आणि तितकी बोटं धरायची, मग ‘हे हजार’ आणि पुन्हा बोटं. पंजा धरला की पाच, पंजा धरून सोडून एक बोट धरलं की सहा. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आकडा तिघांनाच कळतो. यात घोटाळा होतो तो ‘दहा हजार’ आणि ‘हजार’ यांच्यामधे गलबला झाल्याने, म्हणून हात सोडायच्या आधी आकडा दलालाच्या कानात बोलून घ्यावा. दलालीचंही तेव्हाच ठरवावं. मागून तो दोन्हीकडून घेतो. इसार दिला की बैल आपला झाला असं धरून चालू नये. इसारानंतर एक वेळचं चारापाणी आपल्यासमोर होऊ द्यावं. नीट चघळतो का, रवंथ करतो का, हे तेव्हा दिसतं.

विकणारा आपलं दावं सोडून ठेवून घेतो, लक्ष्मीबरोबर दोर देत नाहीत. म्हणून दोन दावी, दोन म्होरक्या आणि वेसणीची सुती दोरी घरून न्यावी. बाजारात ती मिळते, दीडपट भावाने.

कागद पूर्वी एक होता, बाजाराची पावती. आता कानातला पिवळा बिल्ला आधी. २०२४ च्या जूनपासून बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही. बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर पावतीवर स्वतः वाचून ताडून घ्यावा आणि बैलाच्या तोंडासकट त्याचा फोटो काढून ठेवावा. एक आकडा चुकला तर पुढे जनावर दुसऱ्याच्या नावावर राहतं, आणि ते दुरुस्त करायला विकणाऱ्याला त्याच्या गावाहून आणावं लागतं. पावतीवर रंग, दात, शिंगांची ठेवण लिहून घ्यावी. वाहतुकीसाठी पशुवैद्यकाचा दाखला लागतो. ट्रकमध्ये सहापेक्षा जास्त जनावरं चढवता येत नाहीत, वाहनवाला काहीही म्हणो. वाटेत अडवलं तर कागद विचारतात आपल्याला.

जुन्या पिढीने बैल चालवत आणले, बारवी धरणाच्या अंगाने बदलापूर, अंबरनाथ आणि खाली शीळ. वाटेत दोन मुक्काम. तेवढ्यात नव्या बैलांची एकमेकांशी आणि माणसाशी ओळख होई, खोडी कळत. आता टेम्पो. तळाला पेंढ्याचा जाड थर, आखूड बांधणी, निघण्यापूर्वी पाणी, हिरवा चारा अजिबात नाही. बैल मागच्या फळीवरून उडी मारून उतरवू नयेत. पुढचा पाय त्यातच मुरगळतो. बांधाला टेम्पो मागे लावून सपाटीवर उतरवावेत.

घरी आल्यावर तीन आठवडे वेगळी दावण, वेगळं पाण्याचं घमेलं. बाजारात शेकडो जनावरांच्या नाकाला नाक लागलेलं असतं. व्यापाऱ्याने महिनाभर पेंड चारून अंग आणलेलं असतं, ती एकदम तोडून नुसत्या भाताच्या पेंढ्यावर टाकलं की बैल दहा दिवसांत उतरतो आणि घरचे म्हणतात फसलो. पेंड हळूहळू कमी करायची. साडेतीनशे-चारशे किलोच्या बैलाला दिवसाला आठ-दहा किलो सुका चारा लागतो. त्यात पेंढ्याबरोबर वालाचा भुसा असला तर उत्तम. कामाच्या दिवसांत वर दीड-दोन किलो आंबोण, म्हणजे भिजवलेला खुराक, आणि मूठभराहून कमी मीठ. जंताचं औषध पहिल्याच आठवड्यात.

त्याच फेरीत घोंगडीही होते, हातोलीची मिठाईही. घोंगडी लोकरीची आहे का हे एक धागा जाळून कळतं. केस जळल्याचा वास आला पाहिजे आणि राख बोटाने चुरली पाहिजे. नवी घोंगडी चिंचोक्याच्या खळीने कडक असते, तशीच ठीक. नांगरामागे पावसात उभं राहायला प्लॅस्टिकपेक्षा ती बरी, आत घाम साचत नाही. फाळ आणि कोयता घेताना मात्र घाई नको. दुसऱ्या लोखंडावर हलकं टिचकवून आवाज ऐकावा, बद्द वाजलं तर ठेवून द्यावं.

नव्या जोडीचा सगळ्यात मोठा घात होतो तो मार्च ते मे या महिन्यांत, आणि तो मालकच करतो. भात झोडून झालेलं, काम नाही, बैल सावलीला उभे. तीन महिन्यांत खांद्याची कातडी मऊ पडते. मग मृग लागतो, राबात पेरलेली रोपं वर येतात, आणि एके सकाळी ओल्या जुवाखाली त्या मऊ खांद्यावर सहा तासांचा भार पडतो. तिसऱ्या दिवशी फोड. फोडावर माशी, माशीने अळी, आणि लावणी चालू असताना बैल बसलेला. आम्ही अक्षय्यतृतीयेपासून रोज सकाळी अर्धा तास रिकामी गाडी, मग आठवड्याने थोडा भार, मग कोरडी नांगरट. काम झालं की खांदा कोमट पाण्याने धुऊन, पुसून, हळद घातलेलं तेल चोळायचं. जुवाचा खालचा भाग काचेने घासून गुळगुळीत करायचा, शिवळांच्या, म्हणजे जुवातल्या खुंट्यांच्या, कडा बोथट करायच्या. चिखलणीला सकाळी सहाला जुंपायचं, साडेदहाला सोडायचं. तेवढ्यात दहा-बारा गुंठ्यांची एक पाळी होते. नवी जोडी असेल तर पहिले चार दिवस नऊलाच सोडायची आणि जू काढल्या काढल्या खांद्यावर उलटा हात ठेवून पाहायचं. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सुट्टी, आभाळात कितीही पाऊस असो.